बी.पी. २१०/११० दिसलं, दवाखाना अजून लांब आहे: तोवर काय द्यायचं, काय नाही?

रामबागकर

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आमची जुनी इमारत आहे. निम्मी बिऱ्हाडं सत्तरीच्या पुढची, मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला. रात्री-बेरात्री कुणाला काही झालं की आम्ही तीन-चार जणच धावतो, म्हणून हा प्रश्न विचारतोय.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंचं डोकं दुखत होतं. मशीन लावलं तर २१०/११०. बोलत होत्या, चालत होत्या, हातपाय ठीक होते. ओळखीतल्या एका कंपाउंडरला बोलावलं. त्याने एक कॅप्सूल सुईने टोचली आणि आतलं औषध जिभेखाली सोडलं. अर्ध्या तासात बी.पी. ११०/७०. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नंतर काकू बाथरूमला जायला उठल्या आणि दारातच कोसळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत उजवा हात उचलत नव्हता. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. मेंदूच्या एका भागाला रक्त कमी पडून झटका आला, असं नंतर एमआरआय बघून सांगितलं. आता हात बराच सुधारलाय.

मला कुणावर खापर फोडायचं नाही. तो माणूस रात्री साडेअकराला धावत आला होता. पण पुढच्या वेळी आम्ही काय करायचं ते स्पष्ट व्हायला हवं. ‘बी.पी. उतरवण्याचं तातडीचं औषध’ घरात ठेवावं का? ठेवायचं तर कोणतं? आणि नाही, तर मग त्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात करायचं काय?

शुभदा_टिळकनगर

बाप रे. आमच्याकडे सासूबाईंच्या डब्यात अशीच कॅप्सूल आहे. ‘दोनशेच्या वर गेलं तर जिभेखाली’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. वाचतेय.

फिजिशियन_पलासिया

शुभदाताई, ती कॅप्सूल बहुतेक निफेडिपिनची असणार. ती आजच डब्यातून काढा आणि सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. हे मी अगदी जबाबदारीने सांगतोय.

रामबागकर, काकूंच्या बाबतीत नेमकं काय झालं ते त्यांना न तपासता मी सांगू शकत नाही. पण तुम्ही लिहिलेला क्रम वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. १९८० च्या दशकात जगभर हीच पद्धत होती. बी.पी. चढलं की निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली. आकडा डोळ्यांदेखत उतरायचा, रुग्ण खूश, डॉक्टरही खूश. मग मेंदूचा झटका (म्हणजे लकवा), हृदयविकाराचा झटका, बेशुद्धी अशा नोंदी येऊ लागल्या. अमेरिकेच्या औषध नियामकांच्या तज्ज्ञ समितीने १९८५ मध्येच या वापराला मान्यता नाकारली होती. १९९६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात सगळ्या नोंदी एकत्र मांडून ही पद्धत थांबवावी असा सविस्तर लेख आला, आणि १९९७ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने ती अस्वीकार्य ठरवली.

आणखी एक. हे औषध जिभेखालून जवळजवळ शोषलंच जात नाही. लाळेबरोबर गिळलं जातं आणि आतड्यातून झपाट्याने रक्तात जातं. एकदा गेलं की परत काढता येत नाही आणि बी.पी. किती उतरेल ते आपल्या हातात राहत नाही. दवाखान्यात शिरेतून चालू केलेलं औषध आकडा बघत थेंबाथेंबाने कमी-जास्त करता येतं, खरा फरक तिथे आहे.

दवाबाजार_काका

फिजिशियनसाहेब म्हणतात ते खरं आहे. दवाबाजारात माझी उभी हयात गेली. त्या काळात ही कॅप्सूल रोज विकली जायची आणि चांगले नामांकित डॉक्टर लिहून द्यायचे, तेव्हा तेच शास्त्र होतं. पुढे डॉक्टरांनी लिहिणं कमी केलं. पण ज्यांनी ते एकदा पाहिलंय त्यांच्या मनातून ते जात नाही, कारण आकडा उतरताना दिसतो ना! कंपाउंडर, मेडिकलवरची मुलं, शेजारचे जाणते लोक एकमेकांना बघून शिकतात, आणि त्यांना जुनं बंद झाल्याचं सांगायला कुणी येत नाही. माझी विनंती आहे, दुकानात कुणी ‘बी.पी. एकदम उतरवायचं काहीतरी द्या’ म्हणालं तर दुकानदाराने गोळी न देता आधी विचारावं, पेशंटला होतंय काय?

देपालपूरवाला

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी देपालपूरच्या बाजूला राहतो. इंदूर आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. माझ्या वडिलांचं बी.पी. वर्षातून तीन-चारदा २०० च्या वर जातं. गावातले डॉक्टर एक गोळी जिभेखाली देतात आणि कधीकधी लघवीचं इंजेक्शन. तासाभरात बाबा ठीक. आजवर काही झालेलं नाही. शहरातले डॉक्टर सांगतात की घरी काही देऊ नका, दवाखान्यात या. अहो, पण रात्री दोनला गाडी कुठून आणायची? आणि वाटेत नस फुटली तर? आकडा २२० असताना हातावर हात धरून बसायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

फिजिशियन_पलासिया

देपालपूरवाले दादा, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून नीट लिहितो. थोडं लांबेल.

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून चढवून आणतात हे आपल्याला माहीत आहे. समजा एखाद्या उंच इमारतीत वर्षानुवर्षं जोराच्या दाबाने पाणी चढवलं जातंय आणि नळ त्या दाबाला जुळवलेले आहेत. एके दिवशी तुम्ही दाब एकदम अर्ध्यावर आणला. तळमजल्यावर पाणी येतच राहील, पण वरच्या मजल्याचे नळ कोरडे पडतील. मेंदूचं असंच होतं. ज्याचं बी.पी. अनेक वर्षं चढलेलं आहे त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या चढ्या दाबाशी जुळवून घेतात. तुम्हा-आम्हाला ११०/७० उत्तम, पण त्या माणसाला अर्ध्या तासात ११०/७० वर आणलं तर मेंदूचा एखादा भाग उपाशी राहू शकतो. हृदयाचं आणि मूत्रपिंडाचंही तेच. म्हणून खऱ्या आणीबाणीतसुद्धा, दवाखान्यात, मॉनिटर लावून, पहिल्या तासात सरासरी दाब पाव भागापेक्षा जास्त उतरवत नाहीत. मग दोन ते सहा तासांत १६०/१०० च्या आसपास, आणि पुढचे एक-दोन दिवस घेऊन सावकाश नेहमीच्या पातळीला. मोजके अपवाद आहेत, ते पुढे येतील.

आता ‘नस फुटेल’ ही भीती. आकडा मोठा आहे, पण माणूस बोलतोय, चालतोय, छातीत दुखत नाही, दम लागत नाही, नजर ठीक आहे, तर तासाभरात नस फुटण्याची शक्यता फार थोडी असते. चढलेलं बी.पी. नुकसान करतं ते महिन्यांनी आणि वर्षांनी. अशा माणसाला तासाभरात उतरवून फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, एकदम उतरवून तोटा झाल्याचं मात्र दिसलंय. २०२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने याच विषयावर निवेदन काढलं. अवयवांना इजा होत असल्याचं लक्षण नसेल, तर दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णालाही नुसता आकडा बघून शिरेतून औषध देऊ नका, असं त्यात म्हटलं आहे.

तुमचे बाबा तासाभरात ठीक होतात, त्यातला मोठा भाग गोळीशिवायही झाला असता. निवांत अर्धा तास झोपवल्यावर आकडा बऱ्याचदा २०-३० ने आपोआप उतरतो. आणि वर्षातून तीन-चारदा २०० च्या वर जात असेल तर त्यांची रोजची औषधं अपुरी आहेत किंवा मधून चुकतायत. खरा इलाज तिथे आहे. लघवीच्या इंजेक्शनचा उपयोग फुप्फुसात पाणी भरलं असेल तर. एरवी ते नुसतं बी.पी.साठी देऊ नये, म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आणि क्षार कमी होऊन उठताना तो पडतो.

निशिगंध

मग आणीबाणी ओळखायची कशी? आकडा किती झाला की पळायचं?

फिजिशियन_पलासिया

साधारणपणे आकडा १८०/१२० च्या वर आणि त्याच्या जोडीला त्रास, पण आकड्यापेक्षा त्रास महत्त्वाचा. एक हात किंवा पाय ढिला पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं, समोरचं दिसेनासं होणं, माणूस गोंधळणं किंवा गुंगीत जाणं, फिट येणं. छातीत दाबल्यासारखं किंवा पाठीत चिरत गेल्यासारखं दुखणं. आडवं झोपता न येण्याइतका दम लागणं. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक भयंकर डोकेदुखी आणि उलटी. यातलं काहीही असेल तर आकडा १७० असला तरी पळायचं.

आणि यातलं काही नसेल तर आधी नीट मोजायचं. लघवी करून यायचं, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात हृदयाच्या उंचीला, पट्टा दंडाच्या मापाचा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा फुगून येतो. सलग दोनदा मोजा. तुंबलेली लघवी, दुखणं, भीती, रात्रीचं जागरण यांनीही २०० पर्यंत जाऊ शकतं. तिथे इलाज त्या कारणाचा.

म्युनिकहून_माळवी

माझं माहेर नारायण बाग, आता जर्मनीत असते. इथे ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर येतात आणि शिरेतून युरॅपिडिल हे बी.पी. उतरवणारं औषध देतात, माझ्या शेजारणीला दिलेलं मी पाहिलंय. मग ‘दवाखान्याआधी औषध नको’ हे सरसकट कसं म्हणता येईल? आपल्याकडे सोय नाही म्हणून नको म्हणतोय की खरंच नको?

इमर्जन्सीवाली

ताई, फार चांगला प्रश्न. मी इमर्जन्सी विभागात काम करते, हा माझा रोजचा विषय आहे.

तुमच्या शेजारणीला डॉक्टरांनी जागेवर तपासून, ईसीजी काढून, शिरेत सुई टाकून, मॉनिटरवर बघत औषध दिलं असणार. जिभेखालच्या कॅप्सूलशी त्याची तुलना होत नाही. पण लकव्याच्या संशयात, एवढी सगळी सोय असतानाही, ॲम्ब्युलन्समध्ये बी.पी. उतरवावं का? यावर मोठे अभ्यास झालेत आणि त्यांनी आमच्यासारख्यांचे डोळे उघडले.

सगळ्यात महत्त्वाचा चीनमधला, ‘इंटरॅक्ट-४’, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. लकव्याची लक्षणं सुरू होऊन दोन तासांच्या आत असलेले आणि वरचं बी.पी. १५० किंवा जास्त असलेले २४०४ रुग्ण. निम्म्यांना ॲम्ब्युलन्समध्येच हेच युरॅपिडिल देऊन बी.पी. १३०-१४० पर्यंत आणायचा प्रयत्न, बाकीच्यांना दवाखान्यात गेल्यावर नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी एकत्र हिशेब केला तर दोन्ही गट सारखेच निघाले. पण स्कॅनप्रमाणे वेगवेगळं पाहिल्यावर दिसलं की ज्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता त्यांचा फायदा झाला, आणि ज्यांच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती त्यांचं नुकसान झालं. दोन उलटे परिणाम एकमेकांना खाऊन शून्य दिसत होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. गुठळीच्या लकव्यात शरीर स्वतःच बी.पी. चढवतं, आजूबाजूच्या बारीक वाटांनी मेंदूला रक्त पोहोचावं म्हणून. ते आपण उतरवलं तर वाचू शकणारा भागही जातो. म्हणून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत आम्ही सहसा हात लावत नाही, आणि द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणतो. रक्तस्रावात मात्र लवकरात लवकर १४० च्या जवळ आणायचं असतं. २०२३ च्या ‘इंटरॅक्ट-३’ मध्ये, ज्यात भारतातलीही रुग्णालयं होती, तासाभरात हे करणं, जोडीला साखर आणि ताप आटोक्यात ठेवणं, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणं, असं सगळं मिळून केल्यावर रुग्ण जास्त सुधारले.

आता सांगा, घरातल्या खाटेवर पडलेल्या माणसाकडे बघून गुठळी की रक्तस्राव हे कसं ओळखणार? मीही ओळखू शकत नाही. स्कॅन लागतो. ब्रिटनमध्ये ॲम्ब्युलन्समध्ये नायट्रोग्लिसरिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा चिकटपट्टा लावून पाहिला (२०१९), फायदा नाही. नेदरलँड्समध्ये तसाच प्रयोग सुरक्षिततेच्या शंकेमुळे मध्येच थांबवला. म्हणून जर्मनीत २००८ पासून स्कॅन मशीनच गाडीत बसवून रुग्णाच्या दारात नेण्याचे प्रयोग झाले. आपल्याकडे आसामात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) अशी गाडी चालवून पाहिली आहे. तसं सगळीकडे होईपर्यंत लकव्याच्या संशयात बी.पी.चं औषध स्कॅनच्या आधी नको. आणि ॲस्पिरिनही नको! लकवा म्हटलं की लोक ॲस्पिरिन चघळायला देतात. रक्तस्राव असेल तर ते आगीत तेल आहे.

म्युनिकहून_माळवी

पटलं. आईला आजच फोन करून सांगते, तिच्या पर्समध्ये ॲस्पिरिन कायम असतं.

गाडीवरचा_भाऊ

मी १०८ वर काम केलेलं आहे. औषधांचं वरच्या डॉक्टर मंडळींनी सांगितलंच. गाडी येईपर्यंतचं मी सांगतो.

फोन लावताना ‘बी.पी. वाढलंय’ एवढंच सांगू नका. ‘तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही’, ‘बाई गरोदर आहे आणि फिट आली’ असं सांगा. त्यावरून कोणती गाडी पाठवायची ते ठरतं. १०८ चं कॉल सेंटर भोपाळला आहे, तिथल्या माणसाला रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर यांतली गल्ली ठाऊक नसते. जवळचं मंदिर, शाळा, चौक सांगा आणि एक जण गल्लीच्या तोंडाशी उभा करा. आमची कितीतरी मिनिटं तिथेच जातात.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ. सकाळी सहाला उठल्यावर हात ढिला दिसला, पण रात्री दहाला झोपताना ठीक होता, तर वेळ दहाची धरतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि घरचे एकमेकांकडे बघत राहतात. कागदावर लिहून ठेवा. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून आणा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. घरी साखरेचं मशीन असेल तर बोटातून तपासा. साखर खूप उतरली तरी माणूस लकव्यासारखा दिसतो.

तोंडात काही घालू नका. पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. गिळण्याची ताकद गेलेली असते आणि ते श्वासनलिकेत जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. दम लागला असेल तर आडवं करू नका, पाय खाली सोडून बसवा. आणि कृपा करून पेशंटला स्कूटरवर दोघांच्या मधे बसवून आणू नका. मी हे फार पाहिलंय.

जायचं कुठे हेही आधीच ठरवा. चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतो तिथे. एम.वाय. हे मोठं सरकारी रुग्णालय तर आहेच, खासगीत जायचं असेल तर फोन करून विचारून ठेवा की रात्री स्कॅन आणि लकव्याचं इंजेक्शन दोन्ही होतं का. आधी जवळच्या नर्सिंग होमला, मग तिथून स्कॅनला, मग तिसरीकडे, यात साडेचार तास संपतात. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री आणि रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाडा, जवाहर मार्ग ही बाजू बंदच असते. त्या दिवशी दुसऱ्या बाजूने निघायचा रस्ता आधी डोक्यात ठेवा.

शुभदा_टिळकनगर

भाऊ, हे छापून दाराच्या आत लावतेय.

सांवेर_सिस्टर

सगळे म्हणताय की दवाखान्याआधी औषध नको. माझ्या कामात एक जागा अशी आहे जिथे औषध आधीच द्यायला हवं, आणि न दिल्याने जीव जातो. गरोदर बाई.

मी सांवेर तालुक्यात सिस्टर आहे. पाचव्या महिन्यानंतर बी.पी. १६०/११० झालं की ते अतितीव्र समजायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढंच आलं तर तासाभराच्या आत औषध सुरू झालंच पाहिजे. इथे २०० ची वाट बघायची नसते. डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, तोंडावर सूज, ही धोक्याची घंटा. फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आम्ही पहिला डोस खालच्या केंद्रावरच देऊन पाठवू शकतो, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि मगच गाडी एमटीएचकडे, म्हणजे इंदूरच्या सरकारी महिला रुग्णालयाकडे निघते. मॅग्नेशियम बी.पी. उतरवायला देत नाहीत, ते फिट रोखतं. २००२ च्या ‘मॅगपाय’ अभ्यासात दहा हजारांवर बायका होत्या आणि मॅग्नेशियमने फिट येण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं.

बी.पी.साठी डॉक्टरांना फोनवर विचारून निफेडिपिन देतो, तेच औषध ज्यावर वर चर्चा झाली. पण गोळी गिळायला देतो, मोजून १० मिलिग्रॅम, आणि दर थोड्या वेळाने बी.पी. बघत. टोचून जिभेखाली कधीच नाही. एकदम उतरलं तर बाळाला रक्त कमी पडतं. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत सुमारे ९०० गरोदर बायकांवर अभ्यास झाला, ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ ला आला. तोंडाने घ्यायची निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा ही तिन्ही औषधं वापरता येतात असं त्यात दिसलं. जिथे शिरेतून औषध द्यायची सोय नाही तिथे याचा मोठा आधार आहे. आपल्या नागपूरच्या बायकांमुळे सगळ्या जगाला हे कळलं, याचा मला अभिमान वाटतो.

आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे हा धोका राहतो. माहेरी गेलेल्या बाळंतिणीचं डोकं दुखतंय म्हटलं की ‘जागरणाने असेल’ म्हणून सोडू नका. बी.पी. मोजा.

इमर्जन्सीवाली

सिस्टरांना मनापासून नमस्कार. त्यांनी लिहिलंय ते अक्षरन् अक्षर बरोबर आहे.

निशिगंध

छातीत दुखतंय आणि बी.पी. २०० आहे, तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची का? आमच्या घरी सगळ्यांना तेच सांगितलेलं आहे.

इमर्जन्सीवाली

ज्यांना हृदयाच्या डॉक्टरांनी ती आधी लिहून दिलेली आहे त्यांनी, बसून, एक गोळी. ती छातीच्या दुखण्यासाठी, बी.पी.च्या आकड्यासाठी नव्हे. नुसतं बी.पी. वाढलं म्हणून ही गोळी ठेवली तर पुन्हा तोच प्रकार, एकदम उतरणं आणि कोसळणं. पुरुषांनी लैंगिक शक्तीच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल वगैरे, आदल्या एक-दोन दिवसांत घेतल्या असतील तर ती मुळीच नको, आणि हे लाज न बाळगता आम्हाला सांगा. जिवाचा प्रश्न असतो.

दुखणं पाठीत खांद्यांच्या मधे चिरत गेल्यासारखं, पहिल्या क्षणापासून पराकोटीचं, असं असेल तर महाधमनी चिरत असू शकते. तिथे गोळ्या देत बसायचंच नाही, ॲस्पिरिनही नको. दवाखान्यात आम्ही आधी नाडीचा वेग कमी करणारं औषध शिरेतून देतो आणि वरचं बी.पी. थोड्या वेळात १२० च्या खाली आणतो. फिजिशियनसाहेबांनी वर ‘अपवाद’ म्हटला तो हाच. दुसरा अपवाद फुप्फुसात पाणी भरून दम लागणाऱ्यांचा. त्यांना ॲम्ब्युलन्समध्येच ऑक्सिजन आणि जमल्यास नायट्रोग्लिसरिन मिळालं तर दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत चेहऱ्यावरचा घाम उतरलेला असतो.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंच्या मुलाशी बोललो. त्यांच्या रोजच्या दोन गोळ्यांपैकी एक संपली होती आणि दहा-बारा दिवस आणली नव्हती, असं आता कळलं. गुडघ्यासाठी दुखण्याची गोळीही रोज चालू होती. मग विचारायचं असं की, त्रास काही नाही, नीट मोजूनही २००/१०५ आहे आणि गोळी चुकलीय, तर त्या क्षणी काय करायचं?

फिजिशियन_पलासिया

चुकलेली नेहमीची गोळी, जी त्यांच्याच नावाने लिहिलेली आहे, ती एक घ्यायची. दोन नाही. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ही औषधं सावकाश काम करतात, आकडा आज रात्री नाही तर दोन-तीन दिवसांत उतरेल, आणि तेच हवं आहे. शांत बसवायचं, अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचं, दर पाच मिनिटांनी पट्टा आवळत बसायचं नाही. उद्या नाहीतर परवा डॉक्टरांना दाखवायचं. रात्रभर वर सांगितलेल्या लक्षणांवर कुणीतरी लक्ष ठेवायचं.

एक सावधानता. क्लोनिडिन नावाची बी.पी.ची गोळी काहींना चालू असते. ती अचानक बंद केली तर बी.पी. उसळून पूर्वीपेक्षाही वर जातं. बीटा ब्लॉकर (नाडीचा वेग कमी करणारी गोळी) अचानक सोडल्यावरही त्रास होतो. पट्टी संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणा. पैशाची अडचण असेल तर सरकारी केंद्रात ही औषधं मोफत मिळतात. उच्च रक्तदाबाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१७ मध्ये ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यात आपलं मध्य प्रदेशही होतं.

दुखण्याच्या गोळ्यांनी (डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन) बी.पी. चढतं, सर्दीच्या काही गोळ्यांनीही. काकूंचं हे डॉक्टरांना नक्की सांगा. आणि शेव, पापड, लोणचं. इंदूरच्या माणसाला शेव सोडा म्हणणं कठीण, पण रोज पोह्यांवर मूठभर शेव आणि जोडीला बी.पी.च्या तीन गोळ्या, असं मी दररोज बघतो.

देपालपूरवाला

साहेब, बाबांच्या गोळ्या काल मोजल्या. महिन्याच्या पट्टीत नऊ शिल्लक निघाल्या, म्हणजे ते मधून सोडत होते. आता आई सकाळी चहाबरोबर देणार. गावातल्या डॉक्टरांनाही हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, जिभेखालचं बंद करू, पण रात्रीबेरात्री तुमच्यासारख्या कुणाशी फोनवर बोलता आलं तर बरं. खरंच ते एकटे पडतात.

एक शेवटचं. बाबांच्या डाव्या हातात १७० आणि उजव्यात १८६ येतं. कोणतं खरं धरायचं?

फिजिशियन_पलासिया

ज्या हातात जास्त येतं तो. उजव्याच हातात मोजत जा आणि वहीवर तसं लिहा. फरक कायम १५-२० च्या पुढे असेल तर कमी आकडा येणाऱ्या हाताची रक्तवाहिनी तपासून घ्यावी लागते, म्हणून पुढच्या वेळी इंदूरला आलात की वही घेऊन या. गावातल्या डॉक्टरांना माझा नंबर निरोपातून पाठवतो, त्यांनी रात्रीही फोन करावा.